एकसारख्या वाट्यांचे फोटो

मोबाईल भरतो, हे मला माहीत नव्हतं. कोठी भरते, रांजण भरतो, एसटी तर घाटंजीच्या स्टँडवरच दारापर्यंत भरते. पण तळहाताएवढ्या त्या काचेच्या पाटीत किती मावतं आणि कधी मावायचं थांबतं, याचा विचार मी कशाला करते? त्या पाटीनंच एक दिवस सांगितलं. वर लाल अक्षरांत आलं, जागा शिल्लक नाही. मी बोटानं ते बाजूला सारलं आणि पोळ्या लाटायला बसले. चौथीपर्यंतची शाळा माझी, पण वाचायचा नाद मोठा. किराण्याच्या पुडीचा कागदही मी वाचून मग टाकते. तरी हे वाचून न वाचल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीचा फोटो उघडेना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मी माझ्या वाटीचा फोटो काढायला गेले तर तोही निघेना. आमचे हे पेपर वाचत होते.

"केव्हाची त्या मोबाईलले रगडून राह्यली तू. घासून त्यातून काही निघणार हाये का?"

"भाभीचा फोटो अडकला."

"मंग अडकू दे ना. वाटीच तर असंल. रोज वाटीच असते."

रोज वाटीच असते, हे खरं. आता ती वाटी काय, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

माझ्या आणि भाभीच्या घरात एकच भिंत. भाभीचा नवरा पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. अख्ख्या तालुक्यातल्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या दारात येऊन पडायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तीही नवीच. मागच्या अंगणात भिंत छातीएवढीच होती, आणि तिच्यावरून आमचा अर्धा संसार इकडून तिकडे गेला. विरजण गेलं, कढीपत्ता गेला, लेकरंसुद्धा गेली. आणि एक स्टीलची वाटी. काठाला पोचा आलेली. माझ्या लेकानं लहानपणी ती नळावर आपटली होती, तेव्हाचा तो पोचा.

आमच्याकडे शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. तुमच्याकडेही करत नसतील. वाटीतून भाजी आली तर जाताना तिच्यात काहीतरी जाणार. आणि घरात काहीच केलेलं नसलं तर चिमूटभर साखर. त्या साखरेचा अर्थ आम्हा दोघींना न सांगता कळायचा. साखर आली म्हणजे पलीकडे आज स्वयंपाक नाही. कोणी पडलंय, कोणी रुसलंय, नाहीतर जीव थाऱ्यावर नाही. एकदा मला ताप होता आणि हे गावाला गेलेले. मी कशीबशी उठून वाटी धुतली, साखर घातली आणि भिंतीवर ठेवली. थोड्या वेळात भाभी मुगाची खिचडी घेऊन दारात उभी. "ताई, साखर भेजता? आवाज नाही देता येत?" म्हणून वर मलाच बोलली. मी तिच्या घरचं काय खाते, काय खात नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या वाटीसाठी तिच्या फळीवर वेगळी जागा होती. तिच्यात मला चालेल तेवढंच पडायचं.

मग तिचा नवरा गेला. दुकान बंद झालं. लेक नागपूरला नोकरीला, तो तिला घेऊन गेला. निघायच्या दिवशी तिनं सगळं सामान बांधलं आणि शेवटी ती वाटी पिशवीत टाकली.

"भाभी, ती माही हाये."

"मालूम हाये. भरल्याशिवाय कशी परत देऊ? आज तर घरात चूलच नाही पेटली."

असं म्हणून ती वाटी घेऊन गेली. मीही अडवलं नाही. परत करायला तरी येईल, असं मनात होतं.

तिकडे गेल्यावर तिच्या नातीनं तिला फोटो पाठवायला शिकवलं. पहिला फोटो आला तो त्याच वाटीचा. पोचा समोर, आत लौकीचा, म्हणजे दुधीचा हलवा. मी इकडे घरातल्या दुसऱ्या वाटीत पिठलं घातलं आणि फोटो पाठवला. तेव्हापासून रोज. आता फोटोतलं पिठलं काही खाता येत नाही, पण भांडं रिकामं जात नाही, हेही काही थोडं नाही.

तर तो फोटो अडकला आणि मी अस्वस्थ झाले. रविवारी सूनबाईला सुट्टी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरांच्या वह्या तपासता तपासता तिला कोणाचं काय चुकलंय ते लांबूनच दिसायला लागलंय. तिनं माझा मोबाईल हातात घेतला आणि कपाळावर हात मारला.

"आई, हे काय भरून ठेवलंय तुम्ही?"

"मी कुठं भरलं? लोकं पाठवतात."

"लोकं पाठवतात आणि तुम्ही जपता."

आम्ही ओसरीवर उन्हात बसलो. तिनं मला शिकवलं, कुठं दाबायचं, धरून कसं ठेवायचं, निवडलेल्या फोटोवर टिकली कशी उमटते, कचऱ्याचा डबा कुठं असतो. पहिल्यांदा निघाले ते सकाळचे नमस्कार. गुलाबाच्या फुलावर सुप्रभात, चहाच्या कपावर सुप्रभात, उगवत्या सूर्यावर तर विचारू नका. भजनी मंडळातली एक बाई रोज पाचपाच पाठवते. मला पुसायला जड जायला लागलं.

"महादेव हाये ना गं त्याच्यावर. देवाले कचऱ्यात कसं टाकू?"

सून मोठी धीराची. म्हणाली, "आई, गणपती विसर्जन करतो ना आपण? तसं समजा."

मग मी प्रत्येक फोटोला नमस्कार करून पुसायला लागले. आमच्या ह्यांनी ते पाहिलं. "अशानं तर मोबाईल साफ व्हायच्या आधी वावरात हरभरा पिकंल," म्हणाले. मग सूनच म्हणाली, सगळ्यांना मिळून एकदाच नमस्कार करा. तो केला. एका बोटासरशी सगळे गेले आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. डोक्यावरचा भारा खाली ठेवावा तसं.

पुढे तर मजाच आली. एकाच लग्नाची पत्रिका सात जणांनी पाठवलेली, आणि त्या पोरीला आता लेकरू झालेलं. गुडघ्याला काय लावावं याचे व्हिडिओ, त्यातलं एकही मी लावलेलं नाही. माझ्याच अंगठ्याचे फोटो. पदराचे फोटो. जमिनीचे फोटो, चालता चालता आपोआप निघालेले. यांनी बाजार समितीतल्या कापसाच्या भावाचे फोटो माझ्या मोबाईलवर पाठवून ठेवलेले. कोणत्या सालचे तेही कळेना.

"हे तुमचे हायेत. पुसू का?"

"राहू दे. लागतात."

"कायले लागतात? तो कापूस तर विकून खाल्ला आपण."

पेपर वर झाला, म्हणजे पुसायला हरकत नव्हती.

वेचणीच्या दिवसांत आम्ही बाया कापसाच्या ढिगाभोवती बसायचो आणि किडका, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढायचो. त्याला आम्ही कवडी म्हणतो. हात चालायचे आणि तोंडंही. त्या दिवशी ओसरीवर तसंच वाटलं. सुनेशी मी इतका वेळ कधी बसले होते, आठवेना. तिची शाळा, माझा स्वयंपाक, दोघींचा दिवस वेगवेगळ्या वाटेनं जातो. तिच्या लग्नातला एक फोटो निघाला. तिच्या माहेराहून, मुकुटबनहून वरात परत आली तेव्हाचा, दारात उभी, चेहरा भेदरलेला. ती म्हणाली, "आई, हा तर पुसाच." मी म्हटलं, "हा मी मरेपर्यंत ठेवीन." ती हसली, पण डोळे पुसलेले मी पाहिले.

मग मोबाईलनं स्वतःहून एक गठ्ठा पुढे केला. वर लिहिलं होतं, हे सगळे फोटो सारखे दिसतात, एक ठेवा आणि बाकीचे काढा.

सगळे भाभीच्या वाटीचे.

सून म्हणाली, "हे बघा, यानंच किती जागा खाल्ली. एकच फोटो परत परत आलाय तुमच्याकडे."

"एकच नाही गं. रोजचा वेगळा हाये तो."

"वेगळा काय आहे? बघा ना तुम्हीच." तिनं फोटो एकामागे एक सरकवले. पोचा, वाटी, साखर. पोचा, वाटी, साखर. "भाभी रोज साखरच का पाठवतात?"

"घरात काही केलं नसलं तर साखर घालतात," मी सहज म्हणून गेले. रीत म्हणून सांगावं तसं. आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं.

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला. मागे मागे सरकवत गेले. उन्हाळ्यात आंब्याचा रस होता. पहिल्या पावसाच्या सुमाराला भजी. त्यानंतर खट्टी दाल, शेवया, वांग्याचं भरीत. मग श्रावणाच्या आसपास कुठेतरी साखर आली. आणि मग साखरच. पोळ्याला साखर, दिवाळीच्या फराळाचा मी फोटो पाठवला त्याला उत्तर साखर. मी रोज तो फोटो पाहत होते. पण तो यायचा त्या गुलाबांच्या आणि चहाच्या कपांच्या मधोमध. मी पाहायची आणि माझी वाटी पाठवायची. फोटोच तर आहे, त्यात घालायचं म्हणून साखर घालत असेल, असं काहीसं डोक्यात असावं. सगळ्या वाट्या एका जागी, एका ओळीत आल्या तेव्हा कुठे मला ती साखर दिसली.

सूनही समजली. तिनं पुसायला उचललेलं बोट मागे घेतलं. "आई, आधी फोन लावा त्यांना."

लावला. "भाभी, कशी हायेस?"

"सब अच्छा, ताई. तुमी कशा हाये?"

"आज काय केलं जेवायले?"

"केलं ना. सब अच्छा हाये."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणून तर मला फोनवर कधी काही कळलं नव्हतं. मी ठेवला आणि यांना म्हटलं, "मी नागपूरले जातो उद्या."

"वाटीसाठी?"

"हो. वाटीसाठी."

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे थट्टा केली नाही. सकाळी वावरातून तुरीच्या ओल्या शेंगा तोडून आणल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टँडवर सोडायला आले. यवतमाळला गाडी बदलली. वाटभर मनात नाही नाही ते येत होतं. तिच्या सुनेनं तिला हाकललं की काय, हात मोडला की काय, खायला मिळतं की नाही.

भाभीनं दार उघडलं. दोन्ही हात धड. अंगावर नीट कपडे, घर चकचकीत. मला पाहून तिनं "या अल्ला, ताई!" म्हणून मिठी मारली आणि मला रडू आलं, तिलाही. मग तीच म्हणाली, "रडून काहून राह्यल्या? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. तू जेवतेस ना?"

"जेवते म्हंजे? पोट पाहा माझं."

स्वयंपाकघरात गेले तर कट्ट्यावर सगळं होतं. वरण, भाजी, पोळ्यांचा डबा. मी डब्याचं झाकण उघडून पाहिलं, पाहुणीनं पाहू नये तसं. मग तिच्याकडे वळले.

"हे असतानी मले साखर काहून पाठवतेस?"

ती ओट्याला टेकली. पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "हे मी नाही बनवलं, ताई. बाई येते बनवायले. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना मोतीबिंदूचं, तवापासून लेक किचनमधी येऊ नाही देत. अम्मी, आराम करो. अम्मी, भाप लगेगी. चांगलं बनवते ती बाई, मी नाव नाही ठेवत. पण दुसरीच्या हातचं तुमच्या वाटीत कसं घालू? ते तर खोटं झालं असतं. आणि खाली वाटी भेजता येत नाही."

"आणि ऑपरेशनचं मले नाही सांगितलं!"

"तुमी धावत आल्या असत्या."

"आली ना आता?"

"आता तर आलात," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग हळूच म्हणाली, "ताई, दिवसभर सोफ्यावर बसते मी. सगळे लय चांगले हाये. कोणी कमी नाही करत. पण कधी कधी वाटते, मीच पाहुणी आली हाये इथं."

साखरेत हे होतं. ती रोज ते सांगत होती. कदाचित तिलाही माहीत नव्हतं की ती सांगते आहे.

संध्याकाळी तिचा लेक आला. हा लहान असताना आमच्या ओसरीवर अभ्यास करायचा, माझ्या लेकाच्या पाटीवर. मला पाहून पायाशी वाकला. "चाची, तुमी! कळवायचं ना, मी घ्यायले आलो असतो."

"बाबू, तुह्या मायच्या डोळ्याले डॉक्टरनं किती दिवस जपायले सांगितलं होतं?"

"थोडे हफ्ते."

"मंग आता कोणता महिना चालू हाये?"

तो बोटांवर मोजायला लागला. "चाची, मी तर आराम भेटावा म्हणून… अम्मी कधी बोललीच नाही."

"तू विचारलं का?"

"बस करा ताई, लेकरू थकून आलं," भाभी मध्ये पडली. मला हसू आलं. तो पोरगा खरंच चांगला आहे. मनाई केली ती प्रेमानं, आणि उठवायची राहून गेली, एवढंच. तो आईजवळ जाऊन बसला. "अम्मी, उद्या बाईंना सुट्टी देऊ?"

"उद्या काहून?" भाभी उठलीच. "आज ताईंनी तुरीच्या शेंगा आणल्या."

त्या रात्रीच्या स्वयंपाकाचं काय सांगू. मी शेंगा सोलल्या, तिच्या सुनेनं वांगी चिरली, नात दारात उभी राहून पाहत होती. भाभीनं फोडणी दिली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. चष्म्यावर वाफ आली तर तो काढून मला धरायला दिला आणि म्हणाली, "आता लागू दे भाप." लेकानं दोनदा भाजी घेतली आणि म्हणाला, "अम्मी, हे तर घाटंजीचं लागून राह्यलं." तो काही कौतुक करायला गेला नव्हता, सहज बोलला. पण ती त्या वाक्यावर महिनाभर जगेल असं मला वाटलं.

निघताना तिनं ती वाटी माझ्या हातात दिली. गरम होती. आत मुगाचा हलवा, वर फडकं बांधलेलं.

"घ्या. तुमची परत केली. आता तुमची पाळी."

"म्हंजे तुले घाटंजीले यावं लागंल."

"येते ना. आता वाटी घ्यायले यावंच लागते."

घरी आले तर सून दारातच. वाटी तिच्या हातात दिली. तिनं फडकं सोडलं, एक बोट हलव्याला लावून चाखलं आणि आत जाऊन दोन चमचे घेऊन आली. यांच्यासाठी तिसरा मागावा लागला.

आता दर रविवारी आम्ही दोघी सासूसुना ओसरीवर बसतो आणि मोबाईल साफ करतो. मला आता सगळं येतं. नको असलेल्या ग्रुपातून मी कोणाला न दुखावता बाहेर पडले. एका ठिकाणी विचारणा झाली, तर भजनाच्या वेळी प्रत्यक्ष भेटूच, असं सांगितलं. येईल ते रोजच्या रोज पाहते आणि नको ते तिथंच पुसते. त्यामुळे मोबाईलमध्ये थोडंच राहतं, आणि जे राहतं ते मला दिसतं. सुनेनं मला ही एवढी मोठी गोष्ट दिली आणि तिला वाटतं तिनं जागा रिकामी करून दिली.

साखरेचे फोटो मी पुसले. एक ठेवला, मोबाईलनं सांगितलं होतं तसा.

परवा दुपारी भाभीचा फोटो आला. माझी वाटी तर माझ्याकडे, मग तिनं आपल्या लेकाचा चहाचा मोठा मग घेतलेला. त्यात शेवयांची खीर, काठापर्यंत, एक ओघळ बाहेर आलेला. सून म्हणाली, "आई, हा काही कशासारखा दिसत नाही. मोबाईलला पण गठ्ठा करता यायचा नाही."

मी म्हटलं, "राहू दे." आणि उठून पिठलं करायला घेतलं. मला आता माझ्या पोच्याच्या वाटीत घालून तिला फोटो पाठवायचा होता.